एकशेदहावरचं बटण

दुरुस्तीच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे एक डीजे भाचा आणि त्याचे मामा. दोघांच्या काखेत रेकॉर्ड वाजवायचं एकेक जळलेलं टर्नटेबल.

"मामा, परदेशात शो करून आलोय मी. व्होल्टेज मला नका शिकवू."

"मग जळलं कसं?"

"तिथे एकशेदहा असतं, म्हणून मागचं बटण एकशेदहावर केलेलं. इथे दोनशेतीस, तरी सुरक्षित म्हणून तसंच ठेवलं. जळलं ते सॉकेटमुळे."

"आणि हे दुसरं?"

"आपलं सॉकेटच खराब नाही ना, ते बघायला तेही एकशेदहावरच लावलं."

"वा रे शास्त्रज्ञ! आणि उद्या माझ्या मुलीच्या लग्नात काय, टाळ्या वाजवू?"

"मित्राचं आणून ठेवलंय की तुमच्याकडे! त्याचं बटण मी स्वतः एकशेदहावर केलंय. कमी करंट, कमी धोका."

मामांचा फोन वाजला. ऐकून त्यांनी तो खिशात ठेवला.

"तुझ्या मामीने गाणं लावून बघितलं. घरात धूर झालाय म्हणतेय."