एकोणसत्तर घरांना बोलावणं

— नाही नाही, ती खिडकी चुकून खाली लागलेली नाही, पोरी. सगळे तेच विचारतात — म्हणजे विचारतील, आले की. खिडकी जमिनीलगतच हवी होती. अंथरुणात पडल्या पडल्या बर्फाचा डोंगर दिसला पाहिजे, पाहुण्याला उठायचा त्रास कशाला, असं भादरीचं म्हणणं. भादरी म्हणजे माझी बायको. हे पाहुणेघर तिनं शाळेच्या वहीत काढलं आणि मी बांधलं. मी सुतार. वहीत दिसेल ते करायचं. हा जिना वर जाऊन छताला टेकतो, पुढे काही नाही — पुढचं पान उलटायला हवं होतं, उलटलं नाही. ती म्हणाली, राहू दे, वरच्या पायरीवर बसून कुणी लोकर कातेल. आणि स्वयंपाकघरात जर्दाळूचं खोड आहे, ते आधीपासून तिथंच होतं. तोडू दिलं नाही. मग छताला भोक ठेवलं. पावसाचं पाणी खोडावरून आत येतं, आपण खाली हंडा ठेवायचा. बस. सिड्डू घे, आमची वाफवलेली भरली रोटी. तूप ओत वर. अजून घे, लाजू नकोस — दोनशे आहेत.

रस्त्यावरची पाटी वाचलीस ना? आज घर सगळ्यांसाठी उघडं — या, बघा, जेवा. तिचीच इच्छा. बाहेरचा पाहुणा मुक्कामाला येण्याआधी गावानं सगळ्या खोल्यांतून फिरून जावं, खिडक्यांना हसून घ्यावं, मगच दार धंद्याला लावायचं. सकाळपासून उघडं आहे. तू पहिली. आणि तुला गाडीत पाणी भरायचं होतं.

येतील की. सफरचंदांचे दिवस आहेत, माणसं बागेत असणार — बरं, तोडणी परवाच संपली म्हणा. पण दमली असतील. बोलावलं होतं का म्हणजे? स्वतः गेलो होतो, हे असले गुडघे घेऊन. एकोणसत्तर घरं. गावात घरं किती? — सत्तर. तू मोजायला पक्की दिसतेस. सत्तरावं देवाचं.

आमच्यात पहिलं बोलावणं त्याला. मूठभर तांदूळ घेऊन त्याच्या भांडारात, म्हणजे त्याची पालखी ठेवतात तिथं, जायचं आणि म्हणायचं, महाराज, घर उघडतोय, या. मग तो पालखीत बसून ढोल-कर्ण्यांसकट येतो, उंबऱ्यापाशी जरा डुलतो, आणि त्याच्या मागून गाव आत शिरतं. जिथं देव गेला नाही तिथं गाव जेवत नाही. राग नाही हं कुणाचा, रीतच तशी. मी विसरलो. — म्हणजे, विसरलो असं सांगितलंय सगळ्यांना. कुणाला पटलेलं नाही. ह्या गावात माणूस बायकोचं नाव विसरेल, पण हे नाही विसरायचा. खरं सांगू? माझं आणि देवाचं बोलणं नाही. दोन वर्षं झाली. पालखी समोरून आली की मी गल्ली बदलतो. एकदा गोठ्यात शिरलो, दुसऱ्याच्या.

काय केलं त्यानं? — भादरीला खोकला होता. हिवाळाभर. मी देवाकडे गेलो. गुराच्या अंगात आला — गूर म्हणजे त्याच्या तोंडून देव बोलतो तो माणूस — आणि म्हणाला, सफरचंद फुललं की ही आपल्या उंबऱ्यात उभी राहील. झालं! मी निर्धास्त. घरी येऊन दरवाजाची चौकट तासायला बसलो. आणि फुललं, आणि ती उभी राहिली. ह्याच चौकटीला धरून. बघितलंन सगळं, म्हणाली, छान आलंय रे, जरा वाकडं आहे. तिसऱ्या दिवशी गेली.

म्हणजे तो खोटं बोलला असंही नाही. तेवढंच तर बोलला होता. पुढचं मी ऐकलं, माझं मीच. आणि खाली शहरात दवाखाना आहे, रस्ता — रस्ता त्या वर्षी उघडा होता. जीप होती. मला चौकट पुरी करायची होती. आता इतका राग एकट्यानं कुठं ठेवायचा? त्याची पालखी तरी मोठी आहे.

खा तू. असं बघू नकोस. मी हे कुणाला —

थांब. ढोल आहे का तो? लग्नाचा नाही, लग्नाचा ठेका वेगळा. कर्णेही आहेत. वरच गेला असेल, दुसऱ्या कुणाकडे. न बोलावता तो कुणाच्या दारात जात नाही, माझ्या जन्मात तरी नाही गेला — कोण पळत येतंय ते? डाबेराम, गुराचा पोरगा! अरे हळू, पडशील! काय? — कोणाचं बोलावणं? मी नाही रे दिलं... कोणी? — भादरीनं? कधी? त्याच हिवाळ्यात? काठी टेकत गेली? मला न सांगता? — काय म्हणाली गुराला, नीट सांग. 'घर उघडेल त्या दिवशी तुम्हीच या, महाराज. हा रुसलेला असेल.'

...

पोरी, ऊठ. तू जा बाहेर. सांग त्यांना, आत या, सगळ्या खोल्यांतून फिरा. म्हातारा कुठंय विचारलं तर तोंड धुतोय म्हणावं. जा ना. माझ्याकडे बघू नकोस, जा.