पान चौदावरचे वडील

आजच्या समारंभाचे आणि आपल्या संस्थेचे अध्यक्ष माननीय राजवर्धनदादा, प्रमुख पाहुण्या अनुजाताई, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती मुख्याध्यापक उदयसिंह सर, पालकवर्ग, आणि सकाळपासून फेटे सावरत बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मी शबनूर. या शाळेत अकरा वर्षं इंग्रजी शिकवते. सरांबद्दल चार शब्द बोला म्हणाले. चार शब्दांत सर कसे मावतील?

आज सरांच्या ‘वाक्यरचना सोपी करूया’ या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. प्रत्येकाच्या मांडीवर एक प्रत आहेच. पहिल्या आवृत्तीला संस्थेचा पुरस्कार मिळाला, तेव्हाही आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण पुस्तक उघडून किती जणांनी पाहिलं?

कृपया पान चौदा काढा. दादा, आपणही. इंग्रजी वाक्यं आहेत, मी मराठीत सांगते. पहिला प्रकार सिंपल, म्हणजे एकच सरळ विधान: ‘माझे वडील लालासाब मुरगूडला गाद्या भरतात.’ दुसरा कंपाउंड, म्हणजे स्वतःच्या पायावर उभी राहणारी दोन विधानं जोडलेली: ‘वडील कापूस पिंजतात आणि आई उशा शिवते.’ तिसरा कॉम्प्लेक्स. यात एक भाग दुसऱ्याच्या आधाराशिवाय उभाच राहत नाही: ‘वडिलांना लिहिता येत नसलं, तरी माझ्या प्रत्येक वहीला तेच कव्हर घालायचे.’

तीन वर्षांपूर्वी नववीच्या मुलांसाठी मी चाळीस पानं लिहिली. मुलांना राम आणि सीतेची वाक्यं पाठ होती, म्हणून मी घरातली घातली. प्रस्तावनेसाठी वही सरांकडे दिली. चार महिन्यांनी पुस्तक छापून आलं, सरांच्या नावानं. माझं नाव शेवटच्या पानावर, ‘मुद्रितशोधन साहाय्य’ म्हणून. मी केबिनमध्ये गेले, तर सर म्हणाले, “अवो बाई, नाव कुनाचं का असंना, पोरं शिकली की झालं की.”

मुलं खरंच शिकली. नववीतल्या मोनानं मला भर वर्गात विचारलं, “बाई, सरांच्या वडलांचं नाव लालासाब हाय व्हय?” मी म्हटलं, सरांनाच विचार. तिचं धाडस झालं नाही. सरांनी कव्हर बदललं, आत डोकावलेच नाहीत.

मला राग आला होता. आजही आहे, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. तक्रार करता आली असती. ती सरांच्याच केबिनमधून पुढे गेली असती. मी थांबले. दुसऱ्या आवृत्तीची प्रुफंही सरांनी माझ्याकडेच दिली, “एकदा नजर घाला” म्हणाले. घातली. स्वल्पविराम न् स्वल्पविराम तपासला. वडिलांच्या नावाला मात्र हात लावला नाही.

आता एक विनंती. निवृत्त होणाऱ्याच्या आधी त्याच्या आईवडिलांचा सत्कार करायची आपल्या संस्थेची पद्धत आहे. सरांचे आईवडील हयात नाहीत, म्हणून ती शाल तबकात तशीच राहिली, असं मघाशी सांगण्यात आलं. पण सरांनी छापलंय त्याप्रमाणे त्यांचे वडील गाद्या भरतात. ते आज सकाळच्या एसटीनं मुरगूडहून आलेत. तिसऱ्या रांगेत, पांढरी टोपी घातलेले. अब्बा, जरा उभे राहता?

सर, या. वडिलांना शाल घाला आणि त्यांच्या पाया पडा. ते जमत नसेल, तर हा माईक घ्या आणि हे पुस्तक कुणाचं आहे ते सभागृहाला सांगा. दोन्हीपैकी एक झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात कुणाचा अवमान झाला असेल तर मोठ्या मनानं माफ करावं. पुस्तकात मात्र एखादी चूक सापडली, तर ती माझी आहे. लेखिका म्हणून तेवढी जबाबदारी मी घेते.