नांदेडची काडी

दुकानातून सुती म्हणून घेतलेलं नवं लुगडं पिशवीत घालून नीलाबाई नांदेडच्या स्टँडवर मुखेडच्या बसची वाट बघत होत्या. मागच्या बाकावर बसलेल्या, जुन्या कपड्यांच्या गोदामात कपडे निवडणाऱ्या वहिदाआपाला तिथला कारकून संगमेश उभ्या उभ्याच सांगत होता.

"वहिदाआपा, जमलं! तिन्ही देशांनी एकच नियम केला."

"आपल्याला जुने कपडे धाडतात, त्याच देशांनी?"

"हाव. ज्या कंपनीनं कपडा इकला, तिनंच त्याच्या चिंध्यांचं बी बघायचं, हा कायदा तिन्हीकडं होताच. पण कागदावर एकाला वजन पाहिजे, दुसऱ्याला नगांचा आकडा, तिसऱ्याला आणखी काही."

"म्हणून एकच गठ्ठा तीनदा सोडला, तीनदा बांधला. तरी निवडून तिकडं धाडलेला माल वापस आलाच की!"

"आता न्हाई येणार. सूत किती, पॉलिस्टर किती, एवढंच लिहायचं. एकच फॉर्म."

"अन् वळखायचं कसं?"

"तुमच्यावानी. धागा जाळायचा. राख झाली तर सूत, गोळी झाली तर पॉलिस्टर."

"अरे, तिकडचे साहेब लोक तपासायला आले तवा मी काडी ओढली, तर हसून राहिले होते!"

"शंभर तुकड्यांत त्यांचं मशीन चार जागी चुकलं, आपा."

"अन् मी?"

"एका बी जागी न्हाई. नियमाच्या पुस्तकात छापलंय त्यांनी. पान सात, 'नांदेडची काडी'."

"या अल्ला! ही काडी शिकवणारी अम्मी पाहिजे होती आज."

नीलाबाईंनी पिशवीतल्या लुगड्याचा एक धागा ओढला अन् मागं वळल्या.

"बाई, एक काडी द्या की."

वहिदाआपानं स्वतः काडी ओढली. धागा आक्रसला अन् त्याची काळी गोळी झाली.

मुखेडची बस लागली. नीलाबाई पिशवी काखेत मारून दुकानाकडं निघाल्या.

"पान सात म्हणा त्याला!" वहिदाआपा मागून ओरडली.