अकरा मुलांची सहल

नाही, चहा मिळणार नाही. घरात कोणी नाही आणि मला करता येत नाही — येतो, पण करणार नाही. तुम्ही काही पाहुण्या म्हणून आला नाहीत, मृणालिनीबाई. नाव मघाशी एकदाच सांगितलंत, बघा, राहिलं लक्षात. चौतीस वर्षं नाहूरच्या त्या शाळेत शिपाई होतो. पहिलीत आलेल्या पोराचं नाव एकदा ऐकलं की दहावीला जाईपर्यंत विसरलो नाही. मोठ्या बाईसुद्धा मला विचारायच्या, सहदेव, हा कोणाचा रे? तर विचारा काय ते आणि मोकळ्या व्हा. ते यंत्र चालू केलंत का? करा. मी घाबरत नाही.

तुमच्या आधी तिघं येऊन गेले. एक गोरा होता, जिना चढून लालबुंद झाला होता, त्याचंही हेच — बेचाळीस देशांतल्या चौथीच्या पोरांना एकच पेपर दिला, आणि त्यात नाहूरची एक साधी मराठी शाळा एवढी वर कशी आली? कशी आली म्हणजे काय? आली! तुम्हाला खालून वर आलेलं बघवत नाही का? गोऱ्या पोरांचे मार्क आले की कोणी त्यांच्या शिपायाच्या दारात जाऊन बसतं का? नाही ना? मग माझ्या दारात कशाला? आणि तुलना कशाची करता तुम्ही — तिथल्या पोराला शाळेत यायच्या आधी नळावर नंबर लावावा लागतो का? विचारलंय का पेपरात? विचारलंय? बरं, विचारलं असेल. मला पेपर वाचता येत नाही, इंग्रजी तर नाहीच आणि मराठीही पाटी वाचण्यापुरतं. चौथी पास आहे मी. लपवत नाही.

काय म्हणता — वाचनपेटी? ती जिन्यातली पुस्तकांची? (हसू नको तर काय करू?) बाई, ती पेटी मीच लटकवली. भिंतीत दोन खिळे ठोकले, एक वाकडा गेला. किल्ली माझ्या जुडग्यात. दोन वर्षांत चार वेळा उघडली असेल, त्यात एकदा आत पाल मेली होती म्हणून. आणि त्या पेपरावर तुमच्या लोकांनी पुस्तक काढलं, त्यात लिहिलंय की त्या पेटीमुळे पोरं वाचायला लागली? कोणी सांगितलं? मोठ्या बाईंनी. असेल. वसुधाबाई बोलायला हुशार. आता कुठे कुठे भाषणं करतात म्हणे, विमानाने नेतात त्यांना. आणि पेट्या? आणखी तीन देशांत? अहो, तीन देशांत खिळे ठोकले तुम्ही आमची पेटी बघून? वाट लागली. — नाही, काही नाही. पुढे बोला.

फोटो? बघू. चष्मा आत आहे, पण लागणार नाही. हां, हा त्या पेपरच्याच दिवसाचा. पंखा बघा कसा चकचकीत आहे, मी पुसलेला. कोणाची नावं हवीत तुम्हाला? ही पहिल्या बाकावरची — गावकरांची धाकटी, बाप रिक्षा चालवतो. हा तिच्या शेजारी यादवांचा. खिडकीजवळ तेजल, फार बडबडी. आणि हा सर्वेश — हुशार पोरगा, पाचवीत पहिला नंबर होता त्याचा —

चौथीत. चौथीत म्हणालो मी. पाचवीत म्हणालो? मग चुकून म्हणालो. वय झालं. ते यंत्र जरा बाजूला ठेवा, सारखं तोंडासमोर काय धरता? विसरत नाही असं मीच म्हणालो, हो, म्हणालो, म्हणून काय वकिलासारखं पकडाल? त्याच्या बाकावर नंबरची चिठ्ठी आहे? असेल. सतरा नंबर. मग? तुमच्या यादीत सतरा नंबरला मुलगी आहे? काय नाव म्हणालात?

परत वाचू नका. ऐकू आलं.

मानसी नावाच्या पुष्कळ मुली असतात.

बसा. उठू नका, बसा. आता अर्धवट घेऊन गेलात तर भलतंच काहीतरी लिहाल — मोठ्या बाईंनी कॉपी करायला लावली, पैसे खाल्ले. असलं काही नाही. त्या बाईने मला एक शब्द सांगितला नाही. तुम्ही कधी इन्स्पेक्शन बघितलंय? नाही बघितलंत. आदल्या दिवशी बाई एवढंच म्हणायच्या, ‘सहदेव, उद्या पाहुणे आहेत.’ बास. पुढचं सांगायचं नसतं आणि विचारायचं नसतं. कुंड्यांना गेरू मी लावायचा, वरच्या वर्गातला चालू पंखा काढून खालच्या वर्गात मी बसवायचा, मुतारीत फिनेल मी टाकायचं, आणि मागच्या बाकावरच्या पोरांना सकाळी फाटकातच थांबवायचं — चला रे, आज तुमची सहल. त्यांच्या जागी वरच्या वर्गातली पोरं बसवायची. गणवेश एकच, कोणाला कळतंय? साहेब यायचे, फळ्यावरचं एखाद्याला वाचायला लावायचे, शाबास म्हणायचे, चहा-बिस्किटं खाऊन जायचे. माझ्या आधीच्या शिपायाने मला हे शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्याने. ह्याला लबाडी म्हणत नाहीत आमच्यात. घरी पाहुणे आले की तुम्ही फाटकी चादर बाहेर ठेवता का?

तर बाई म्हणाल्या, सहदेव, उद्या पाहुणे आहेत, बाहेरच्या देशातले. मला वाटलं, म्हणजे मोठं इन्स्पेक्शन. म्हणून नेहमी चार-पाच पोरं नेतो, त्या दिवशी अकरा नेली. चौथीतली अकरा, ज्यांना जोडाक्षर आलं की घाम फुटतो ती सगळी. मुलुंडच्या बागेत. माझ्या खिशातून वडापाव. झोपाळ्यावर नंबर लावून दिले, एकालाही पडू दिलं नाही. आणि इकडे त्यांच्या नंबरांवर पाचवीतल्या अकरा जणांनी पेपर लिहिला. संध्याकाळी बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बाईंकडे बघितलं. झालं. एवढंच झालं.

ते पाहुणे कोणाला येत नाही तेच शोधायला आले होते — हे मला आज सांगता? त्यांनी शाळेला पाठवलेल्या पत्रात म्हणे लिहिलं होतं, शाळेचं नाव खाली जाणार नाही, जिथे कमी आहे तिथे मदत मिळेल. चौतीस वर्षांत मी एक साहेब बघितला नाही की ज्याने कमी बघून मदत दिली. कमी दिसलं की शेरा मारतात, पगार अडकवतात, तुकडी बंद करतात. मग मी कसा विश्वास ठेवायचा? तुम्ही ठेवला असता? तुम्ही ठेवला असता, तुम्ही शिकलेल्या.

संघमित्राबाईंचं काय? त्यांना कशाला मध्ये आणता? त्या आठवड्यातून दोनदा यायच्या, कच्च्या पोरांना जिन्याखाली घेऊन बसायच्या. आवाज कधी चढवला नाही. एक एक अक्षर बोटाखाली धरून. मानसीला — त्या पोरांना म्हणतो — काना, मात्रा, वेलांटी सगळं आलं होतं, जोडाक्षरांपाशी आली होती गाडी. दिवाळीनंतर ऑर्डर आली. आकडे चांगले आलेत, इथे गरज नाही, त्यांना दुसरीकडे पाठवा. त्या जाताना मलाच सांगून गेल्या, सहदेवमामा, सतरा नंबरकडे लक्ष ठेवा, अजून चार महिने कोणीतरी बसायला हवं तिच्याशेजारी. मी हो म्हणालो. कोण बसणार होतं? मी? मला जोडाक्षर वाचायला अजून थांबावं लागतं.

माझी बायको, प्रेमा, तेव्हा होती. तिला सांगितलं एकदा. ती म्हणाली, “तुमका कोणी सांगला होता? आपल्याच नातीक भायर काढलात?” मी ताट सरकवून उठलो. हो, नात. माझ्या मुलाची मुलगी. बाहेर कुठे काढली, सहलीला नेली ना! मग पुढे लॉकडाऊन लागलं, सगळ्यांच्याच पोरांचं गेलं, तेव्हा मला बरं वाटलं — खोटं कशाला बोलू — बरं वाटलं, की आता कोणी विचारलं तर लॉकडाऊनमुळे म्हणता येईल. आठवीपर्यंत ढकलत गेली. नववीत नापास होऊन घरी बसली. बाप म्हणाला, हिच्या डोक्यातच नाही. ती पण तेच म्हणते, हसून म्हणते, आजोबा, मी ढ आहे ना, मला नका सांगू. भांडुपला ब्लाऊजांना हुक लावते आता. सोळा पूर्ण झाली. आणि सांगू, त्या बागेची गोष्ट ती अजून सांगते. शेजारणींना सांगते, आजोबांनी एकदा शाळेला दांडी मारून आम्हाला बागेत नेलं होतं. एवढा कडक माणूस, पण तेव्हा नेलं! — सात वर्षं ऐकतोय मी ते.

कशाला हवीत त्या अकरा जणांची नावं? पोरांना शोधून काय करणार? पुन्हा पेपर? नाही? शिकवायला कोणी येईल — खरंच येईल, की तुमच्या पुस्तकात आणखी एक पान येईल? तुमच्या हातात नाही. बरं केलंत, खरं बोललात. आधीचे तिघं सगळं हातात असल्यासारखं बोलत होते. पुस्तक चुकलं म्हणून तरी लिहाल? पेट्या काढतील लोक? लिहा मग. शिपायाने केलं म्हणून लिहा, सहदेव म्हणून नाव घाला, आणि पेन्शन थांबवायची तर थांबवू दे. मोठ्या बाईंचं त्यांनी त्यांच्या तोंडाने सांगावं.

घ्या कागद. भराभर लिहा, मी दोनदा सांगणार नाही. नंदकिशोर मोरे. वैभव आणि विकास, जुळे, आडनाव जाधव. किरण पवार. सलमा, चाळीत राहायची, आता मुंब्र्याला गेलेत. पूनम. प्रबुद्ध कांबळे, त्याची आई पोलीस चौकीसमोर पोळ्या करते. अंकुश, त्याचं आडनाव मला कधीच कळलं नाही, नुसता अंकुश. दर्शना शेलार. चंपाचा मुलगा रोहित. दहा झाले.

अकरावं लिहू नका.

यादीत आहे ते ठाऊक आहे मला. तुम्हीच वाचून दाखवलंत. पण तिच्याकडे जायचं नाही, आणि तिला फोन करायचा नाही. ती ढ नव्हती, तिला दाराबाहेर ठेवलं होतं, आणि कोणी ठेवलं — हे तिला तुमच्या यंत्रातून कळता कामा नये. ते मी सांगणार. आज. सहाला येते ती, आल्यावर हातपाय धुते, मग समोर बसते. तेव्हा.

पावणेसहा झाले. बंद करा ते. उठा — उठा म्हणतो ना! आणि जिन्यात कोणी मुलगी भेटली तर खाली मान घालून निघून जा.