परीच्या वाट्याचं ऊन

वरवट बकालच्या दवाखान्यात आलिमा खिडकीतून येणाऱ्या उन्हात लेकाला मांडीवर घेऊन नंबराची वाट पाहत होती, पण तिचे कान शेजारच्या बाकावर होते. तिथं आशाबाई, डोक्यापासून पायापर्यंत ओढणीत गुंडाळलेली नात कडेवर घेऊन, ओळखीच्या बाईला रिपोर्ट दाखवत होत्या.

"शेंगदाना खाल्ला का परीच्या अंगावर गांधी उठतात. अंड्यानंबी तेच. आन वरून व्हिटॅमिन डी कमी निंघालं."

"काऊन व माय? आपल्या इकडे त ऊनच ऊन हाये!"

"हाये ना. पन उन्हात नेली त मामासारखी काळी होईन पोरगी."

"मंग डॉक्टर काय म्हने?"

"म्हने, औषधाचे थेंब पाजा आन सकाळचं ऊन दाखवा."

"पाजता?"

"हाव. एक दिवस चुकला नाई."

"आन ऊन?"

"तेबी चालू हाये. रोज छतावर, कुरडयाच्या बाजूले, दोन घंटे ठेवतो."

"परीले?"

"परीले काऊन? बाटलीले! ऊन औषधात उतरते, औषध पोटात जाते. रंगबी शाबूत राह्यते."

"डोकं चाललं व माय तुमचं!"

"आज तेवढं राह्यलं. सकाळी निघाच्या घाईत इसरलो."

आशाबाईंनी परीच्या तोंडावर ओढणी ओढली, पिशवीतून बाटली काढली आणि खिडकीत उन्हाच्या पट्ट्यात नीट ठेवली.

आलिमानं इकडेतिकडे पाहिलं. मग आपल्या लेकाच्या थेंबांची बाटली काढून हळूच त्या बाटलीशेजारी ठेवली, आणि त्याला उचलून सावलीतल्या बाकावर जाऊन बसली.