त्या दिवशी नसलेला गतिरोधक

पुरवणी जबाब, दि. १२ नोव्हेंबर २००३

मी, संघप्रिया अण्णासो शिंगे, वय २६, धंदा नोकरी (सिव्हिल डिप्लोमा, आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन), रा. राजारामपुरी, कोल्हापूर, समक्ष हजर राहून सांगते की,

१. मंगळवार दि. २३ सप्टेंबर रोजी सकाळी ८.४० च्या सुमारास आमच्या गल्लीत शेजारच्या आक्काताई गुंडू चौगुले, वय ५८, यांना टेम्पोची धडक बसली. त्या दुपारी दवाखान्यात मयत झाल्या.

२. टेम्पो पिराजी सयाजी पोवार चालवत होते.

३. दि. २९ सप्टेंबर रोजी मी जबाब दिला की, टेम्पो वेग कमी न करता गतिरोधकावरून उडाला, मागची फळी आदळली आणि मग धडक बसली. सोबत मी काढलेला जागेचा नकाशा दिला, प्रमाण १:१००.

४. घटनेच्या दिवशी तेथे गतिरोधक नव्हता.

गतिरोधक गल्लीतल्या लोकांनी दि. २५ रोजी, आक्काताईंच्या रक्षाविसर्जनाहून परतल्यावर केला. दि. २८ रोजी मी टेप घेऊन मोजमाप केले तेव्हा तो तेथे होता, धडकेच्या जागेपासून ४.२० मीटरवर. नकाशातली सर्व मापे बरोबर आहेत.

मधल्या दिवसांत घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी हकीकत सांगत होते. टेम्पो उडाल्याचे पहिल्यांदा कधी सांगितले ते आठवत नाही. कोणी तसे सुचवले असेही म्हणता येत नाही. फळीचा आवाज मला आजही ऐकू येतो.

ऑक्टोबरमध्ये पिराजी पोवार आमच्या दारात आले. म्हणाले, "बाई, गाडीचं स्पीड इसाच्या वर न्हवतं. तुमी खरंच बघितलासा व्हय?" मी म्हणाले, "मी मोजून सांगितलंय." आईने त्यांना पाणी दिले. ते न पिता गेले.

रविवारी दि. ९ नोव्हेंबर रोजी ज्ञानू गवंडी गतिरोधकाची फुटलेली कड दुरुस्त करत होते. टेम्पो कुठून उडाला ते मी त्यांना दाखवले. ते हसले. "ताईसाब, ह्यो म्या केला की, आक्काताईंची रक्षा सावडून आल्यावर! ओल्या सिमिटावरनं चौगुल्यांचं कुत्रं गेलं, ही पावलं बघा. टेम्पो कुठला उडतोय ह्येच्यावरनं? इंजिनेर न्हवं तुमी?"

मी वाद घातला. तारखेत तुमची चूक होते आहे, असे त्यांना सांगितले. सोमवारी ऑफिसात याच गल्लीचा ऑगस्टमधला गटारकामाचा नकाशा काढून पाहिला. तो मीच काढलेला आहे. त्यात गतिरोधक नाही. मग गल्लीत चार घरी विचारले. चौघांनीही रक्षाविसर्जनाचाच दिवस सांगितला.

घटनेच्या वेळी मी गॅलरीत होते. आक्काताई रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या होत्या. त्यांचा डबा आमच्याकडे राहिला होता, म्हणून मी हाक मारली. त्या परत वळल्या. मी डबा आणायला आत गेले. आवाज ऐकून बाहेर आले तेव्हा टेम्पो थांबलेला होता. धडक मी पाहिली नाही. टेम्पोच्या वेगाबद्दल मला काहीही माहीत नाही.

हाक मारल्याचे पहिल्या जबाबात नाही. गतिरोधकाबद्दल मला खात्री होती आणि मी चुकले. हाकेचे तसे नाही. ती मला पूर्ण वेळ आठवत होती. कोणी विचारले नाही, मी सांगितले नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. एके ठिकाणी "मी चुकले" ऐवजी "माझा गैरसमज झाला" असे लिहिले गेले होते, ते मी बदलून घेतले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

पिराजी पोवार यांच्या केसची तारीख सोमवार दि. २४ नोव्हेंबर आहे. त्याआधी हा जबाब कोर्टात दाखल होतो की नाही, ते मला शुक्रवार दि. २१ पर्यंत लेखी कळवावे.

सही
संघप्रिया अ. शिंगे