अनोळखी पुरुषाची हळद

चित्रांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सानगडीच्या एका घरी जुने तैलचित्र आहे. त्यातल्या पुरुषाला पूर्वज मानून लग्नात पहिली हळद त्यालाच लावतात. मी ते चित्र तपासायला गेलो होतो, त्या दिवशी घरात हळद होती. नवरीची आत्या ओली हळद घेऊन चित्रापुढे झाली आणि मी ओरडलो, "थांबा, रंग निघेल! शिवाय हे तुमचे पूर्वज नाहीत. चित्राच्या पाठीवर फ्रेंचमध्ये 'अनोळखी पुरुष' असे लिहिले आहे."



"हळदीच्या वक्ती काहून असं बोलता जी?" नवरीचे वडील संतापले. "आता पोरीले हळद लावाची का नाही?"

आत्या चित्राकडे बघतच राहिली.

"माह्या लग्नातई पयली हळद यालेच लागली. आता परका कसा होईन?"

तिने चित्राच्या चौकटीला हळद लावली आणि ती नवरीकडे वळली.